सहा बाटल्यांचा संच, नीटची धडधड आणि घरातला दमा: सुगंधी तेलं कशी वापरावीत

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सतरा वर्षांची मुलगी नीटची तयारी करते. रात्री एक-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, टेस्टच्या आदल्या दिवशी धडधडतं, चिडचिड वाढली आहे. सासूबाईंना दमा आहे. ताईंनी ऑनलाइन सहा इसेन्शिअल ऑइलचा (वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांचा) संच आणि डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीच्या हवेत सोडणारं यंत्र) मागवला: लव्हेंडर, स्वीट ऑरेंज, पेपरमिंट, निलगिरी, टी ट्री आणि गवती चहा. कोणतं तेल किती वापरायचं, कूलरच्या टाकीत टाकलं तर चालेल का, आणि मुळात फरक पडतो का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी शेवटचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. फरक पडतो, पण बाटलीवर लिहिलेल्या कारणाने नाही. वासाच्या संवेदना नाकातून मेंदूतल्या घ्राणकंदात जातात आणि तिथून थेट भावना व आठवणींशी संबंधित भागांत, म्हणजे अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसजवळ पोचतात. डोळ्यांच्या आणि कानांच्या संवेदनांना मध्ये थॅलॅमस या मेंदूतल्या भागाचा थांबा आहे, वासाला तो घ्यावा लागत नाही. म्हणून एखादा वास एखाद्या स्थितीला फार लवकर आणि घट्ट चिकटतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत आपल्याला याचाच उपयोग करायचा आहे. एक ठरावीक वास तिच्या शांत अवस्थेला आधी चिकटवायचा आणि मग गरजेच्या वेळी तो हुंगायचा. कोणतं तेल हा प्रश्न दुय्यम आहे. कधी आणि कशासोबत हुंगलं, यावर सगळं ठरतं.

लव्हेंडरबद्दल बरंच संशोधन झालंय हे खरं. पण चिंतेसाठी त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा पोटात घेण्याच्या ८० मिलिग्रॅमच्या प्रमाणित कॅप्सूलचा आहे. जर्मनीत ती औषध म्हणून मिळते. त्या कॅप्सूलचे निष्कर्ष दाखवून डिफ्यूझरचं तेल विकलं जातं, ही चलाखी ओळखा. आणि उलट टोकाला जाऊन संचातलं तेल गरम पाण्यात टाकून प्यायचं तर मुळीच नाही. वासाच्या प्रयोगांत आणखी एक अडचण असते: समोरच्याला वास येतोच, त्यामुळे खरं तेल कुणाला आणि खोटं कुणाला हे लपवणं अवघड जातं. ब्रिटनमध्ये २००२ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता मेलिसा या वनस्पतीच्या तेलाने कमी झाल्याचं दिसलं होतं. २०११ मध्ये जास्त काटेकोर चाचणी झाली, तेव्हा ते खोट्या तेलापेक्षा सरस ठरलं नाही. तेव्हा अपेक्षा माफक ठेवा. झोपेची सवय लावायला आणि धडधड आवरायला वासाची मदत होते. आजार बरा करायचं काम त्याच्याकडून होत नाही.

आता संच उघडा. सहापैकी तुमच्या कामाची दोन, फार तर तीन.

निलगिरी आणि टी ट्री बाजूला ठेवा. मन शांत करण्याशी त्यांचा संबंध नाही. निलगिरीतलं सिनिओल दम्याच्या काही रुग्णांना झोंबतं, आणि कापूर व निलगिरीने अपस्माराचा झटका येऊ शकतो हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. घरात कुणाला फिट येत असेल तर या दोन वासांना घरात जागाच देऊ नका. गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल असतं. खोलीत वास छान येतो, पण त्वचेवर आग होते. पेपरमिंट तरतरी आणतं, त्यामुळे रात्री नकोच. दुपारच्या अभ्यासाला टिश्यूवर एक थेंब टाकून टेबलावर हातभर लांब ठेवला तर पुरतो. तो हात डोळ्याला लागू देऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर हे तेल कधीच न्यायचं नाही. मेन्थॉलने बाळाचा श्वास अडकू शकतो.

स्वीट ऑरेंज सौम्य आहे, वासही ओळखीचा. हिचं शास्त्रीय नाव सिट्रस सायनेन्सिस. आपला नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, पण दोन्हींच्या सालीच्या तेलात मुख्य घटक लिमोनीनच. म्हणजे आंबिया बहाराची फळं बाजारात असतील तर खरं तर बाटलीची गरज नाही. ताज्या संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा घ्या, पिवळी बाजू बाहेर ठेवून दुमडा. उन्हाच्या तिरिपेत धरलात तर बारीक फवारा उडताना दिसतो. तेच तेल, आत्ता तयार झालेलं, हवेने बिघडायच्या आधीचं. आंबियाची फळं संपली की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मृग बहाराची येतात. मेमध्ये मात्र बाटलीच.

राहिलं लव्हेंडर. त्याची आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. फरशी पुसायचं फिनाईल, बाथरूमची वडी, गाडीतला फ्रेशनर, सगळ्यांत लव्हेंडरचा नकली वास भरलेला असतो. नागपुरात वाढलेल्या मुलीला लव्हेंडर हुंगवलं आणि तिने नाक मुरडलं तर तिचं चुकलं नाही. तिच्या डोक्यात तो वास आधीच कुठेतरी चिकटलेला आहे. म्हणून पहिली पायरी निवडीची, आणि ती मुलीनेच करायची. कागदाच्या तीन पट्ट्या घ्या: एकीवर लव्हेंडर, एकीवर संत्रा, एकीवर वाळा. प्रत्येकीवर एकच थेंब. दोन पट्ट्यांच्या मध्ये चार-पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर नाक थकतं आणि सगळे वास सारखेच लागतात. बाटलीवर काय लिहिलंय ते तिला सांगू नका. कशाची आठवण येते एवढंच विचारा. दवाखाना, फिनाईल, बसमधली मळमळ असं काही निघालं तर ते तेल बाद, मग ते कितीही महाग असो.

वाळा संचात नाही, तो वेगळा घ्यावा लागेल आणि माझ्या मते तो घ्यावाच. कूलरच्या खसच्या टट्ट्या, माठात टाकलेली वाळ्याची जुडी. उन्हाळ्यात उन्हातून घरात आल्यावर गार वाटण्याशी हा वास आपल्याकडे लहानपणापासून बांधलेला असतो. निम्मं काम झालेलंच असतं. इतवारीत किंवा मोमिनपुऱ्यात अत्तरवाल्याकडे रूह-खस मागितलीत तर आधी विचारा की यात चंदन किंवा पॅराफिनचा बेस आहे का. आपल्याला मुळांपासून काढलेलं निव्वळ तेल हवं. ते दाट, तपकिरी, काकवीसारखं संथ पडणारं असतं. हिरवंगार आणि पाण्यासारखं पातळ असेल तर ते सरबताच्या इसेन्सच्या जातीचं समजा. अत्तरवाल्यांकडे हिरवी रूह-खसही असते, पण ती दाटच असते, म्हणून रंगापेक्षा दाटपणा बघा. डिसेंबर-जानेवारीत थेंब पडतच नाही, तेव्हा बंद बाटली पाच मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत उभी करा.

खरेदीबद्दल थोडं अजून. चांगल्या बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि तारीख असते, आणि विक्रेता त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती आहेत याची प्रयोगशाळेतली तपासणी) देतो. 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'परफ्यूम ऑइल' लिहिलं असेल तर ते वेगळंच प्रकरण. लव्हेंडरमध्ये सर्रास लव्हेंडिन (लव्हेंडरच्या संकरित जातीचं तेल) मिसळतात. ते स्वस्त असतं आणि त्यात कापराचा अंश जास्त असतो. पट्टी हुंगल्यावर मागे कापराची चुणचुण जाणवली तर संशय घ्या. झोपेसाठी ते नको. संचातल्या सहाही बाटल्या एकाच किमतीच्या असतील तर तेही शंकेचं कारण आहे, कारण संत्र्याचं तेल रसाच्या कारखान्यात सालीतून निघतं आणि लव्हेंडरसाठी शेतच्या शेत कापावं लागतं. चंदनाचं दहा मिली तेल दोनशे रुपयांत कुणी देत असेल तर त्यात चंदन नाही, एवढं खात्रीने समजा. कागदाची चाचणीही सोपी आहे. लव्हेंडर किंवा संत्र्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दिवसभर ठेवा. तेलकट डाग राहिला तर कुठलंतरी खाद्यतेल मिसळल्याचा संशय घ्या. वाळा आणि चंदनाला मात्र ही चाचणी लावू नका, ती तेलं जड असल्याने डाग राहतोच.

आता मुख्य कृती. डिफ्यूझर सध्या खोक्यातच राहू द्या. दम्याच्या माणसाच्या घरात सामाईक हवेत वास सोडणं हा पहिला चुकीचा प्रयोग. आजींना त्रास झाला तर दार बंद करूनही उपयोग नाही, तेल कापडाला आणि गादीला धरून राहतं. त्याऐवजी मुलीपुरती हुंगायची कुपी करा.

दहा मिलीची, झाकण घट्ट बसणारी काचेची बाटली घ्या. दोन-तृतीयांश जाडं मीठ भरा, बारीक नको. बारीक मीठ ओलं होऊन गोळा होतं. त्यावर लव्हेंडरचे सहा थेंब आणि वाळ्याचा एकच थेंब टाका. लव्हेंडर बाद झालं असेल तर संत्र्याचे पाच आणि वाळ्याचा एक. वाळ्याचे दोन थेंब टाकायचा मोह होईल, टाकू नका, बाकी सगळं त्याच्याखाली गाडलं जातं. झाकण लावून हलवा आणि एक रात्र ठेवा. तीन-चार आठवड्यांनी वास बोथट झाला की फक्त लव्हेंडरचे (किंवा संत्र्याचे) दोन-तीन थेंब परत घाला. वाळा उडून गेलेला नसतो. तो पुन्हा घातलात तर वास हळूहळू बदलत जातो आणि बांधलेली गाठ सैल होते.

वापर असा: पहिले तीन आठवडे फक्त रात्री, एकाच वेळी. समजा साडेअकरा. दिवा बंद, फोन दुसऱ्या खोलीत, अंथरुणावर पाठ टेकलेली. कुपी नाकापासून वीतभर लांब धरायची, नाकाला लावायची नाही. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असे दहा श्वास. दोन मिनिटंही लागत नाहीत. झाकण लावायचं, कुपी ठेवून द्यायची. झोप लागो न लागो, त्या रात्री पुन्हा उघडायची नाही.

या तीन आठवड्यांत अभ्यासाला, रडू आल्यावर किंवा टेस्टच्या सकाळी ती हुंगायची नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. पहिल्याच दिवशी घाबरलेल्या अवस्थेत तेल हुंगायला देतात, दुसऱ्यांदा भांडणानंतर, तिसऱ्यांदा पेपरच्या आधी. मग तो वास भीतीलाच चिकटतो आणि महिन्याभराने मुलगी म्हणते, हे लव्हेंडर आलं की पोटात गोळा येतो. एकदा असं झालं की ते तेल तिच्यापुरतं संपलं. नवा वास घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तीन आठवड्यांनी एखाद्या छोट्या टेस्टच्या आधी वापरून बघा. तेच दहा श्वास, तोच वेग. धडधड पूर्ण थांबणार नाही, पण थोडी आवाक्यात येते. खरं म्हणजे यात मोठा वाटा लांब उच्छ्वासाचा आहे. वासामुळे तो पटकन आठवतो आणि जमतो.

नीट सहसा मे महिन्यात, भर दुपारी असते, आणि केंद्रात कुपी नेऊ देणार नाहीत. इथे वाळा कामाला येतो. लव्हेंडर, संत्रा काही तासांत उडतात. वाळ्याचा वास कापडावर दुसऱ्या दिवशीही राहतो. आदल्या रात्री कापसावर अर्धा थेंब घेऊन शर्टाच्या कॉलरच्या आतल्या शिवणीला टेकवा. पांढरा शर्ट असेल तर खालच्या दुमडीच्या आत लावा, तेलाचा तपकिरी डाग पडतो. अंगाला लावू नका. नागपूरच्या मेमध्ये घाम आणि तेल एकत्र आलं की मान लाल होते. केंद्राबाहेर रांगेत उभी असताना कॉलर नाकाजवळ ओढून दहा श्वास घेतले की झालं. आणि हा प्रयोग परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करायचा नाही, आधी दोन मॉक टेस्टना शर्ट तसाच तयार करून बघा.

कूलरचं विचारलंत. टाकीत तेल टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, पंपाला आणि टट्ट्यांना चिकटतं. पहिली दहा मिनिटं सगळ्या घरावर वासाचा भपकारा येतो, नंतर काहीच नाही, आणि आजींची त्या दहा मिनिटांत पंचाईत होते. वाळाच हवा असेल तर कूलरला नव्या खसच्या टट्ट्या लावा. वास सौम्य असतो. आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, गेल्या वर्षीच्या टट्ट्या टाकून द्या. कुबट वास आला तर बुरशी आहे, आणि दम्याला ती फार बाधते.

पुढेमागे आजी गावी गेल्यावर डिफ्यूझर लावायचाच असेल तर शंभर मिली पाण्याला तीन थेंब, अर्धा तास, मग बंद. खिडकी थोडी उघडी. पाच-दहा मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि वास येईनासा होतो. तेल संपलेलं नसतं, नाकाने लक्ष देणं सोडलेलं असतं. लोक इथे आणखी पाच थेंब टाकतात आणि मग डोकेदुखी, मळमळ. खोलीबाहेर दोन मिनिटं जाऊन परत या, वास तिथेच असेल. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर नकोच. मांजराच्या यकृताला ही रसायनं नीट निकाली काढता येत नाहीत. टी ट्री तर मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी आहे.

मालिश करायची असेल तर प्रमाण एक टक्का, म्हणजे पाच मिली तेलाला एक थेंब. दहा मिली तिळाच्या तेलात लव्हेंडरचे दोन थेंब एका वेळच्या तळपायांना आणि खांद्यांना भरपूर झाले. खोबरेल चालतं, पण २४ अंशांखाली ते गोठतं आणि आपल्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या आसपास येतो, मग रोज वितळवत बसा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. लिंबू आणि बर्गामोट (लिंबाच्याच कुळातलं फळ) यांची तेलं उन्हात जाण्याआधी अंगाला लावायची नाहीत, त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. स्वीट ऑरेंजला हा दोष नाही. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकायची पद्धत सोडून द्या. थेंब तरंगतो आणि पहिल्याच तांब्यासोबत कच्चाच अंगावर येतो. गरोदर बाईने आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हे काहीच डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

साठवण ही नागपुरात किरकोळ गोष्ट नाही. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वरच्या मजल्यावरची बंद खोली तापते तेव्हा कपाटातलं संत्र्याचं तेल काही आठवड्यांतच बिघडू लागतं. लिमोनीनचं हवेशी ऑक्सिडेशन होऊन जे तयार होतं त्याने त्वचेला अॅलर्जी येते. एकदा आली की जन्मभर राहू शकते. मार्च ते जून सगळ्या बाटल्या हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, बाटली खोलीच्या तापमानाला आली की उघडा, नाहीतर आत दव धरतं. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीला कायम लावून ठेवू नका, रबर विरघळून तेलात उतरतं. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा: संत्रा वर्षाच्या आत, लव्हेंडर दोन-तीन वर्षं, वाळा जुना झाला तरी बिघडत नाही, उलट सुधारतो. कुठल्याही लहान मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका. बाटली सोबत घेऊन सरळ मेडिकल (नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

आणि एक महत्त्वाचं. झोप न येणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, जेवण सुटलं असेल, मुलगी पूर्वी आवडायच्या गोष्टींनाही हात लावत नसेल, किंवा 'जगून काय उपयोग' असं काही बोलली असेल तर कुपीची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मेडिकलचा मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं, असं घरातल्या कुणी म्हटलं तर त्यांची समजूत नंतर काढा, आधी मुलीला घेऊन जा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आधीच चालू असतील तर तेल सुरू केलं म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

उरलेल्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पडेलच. गवती चहाचे पाच-सहा थेंब थोड्या लिक्विड साबणात कालवून फरशी पुसायच्या अर्ध्या बादलीत टाका, तेही आजी गच्चीवर असतील तेव्हाच. निलगिरीने स्टीलच्या नव्या डब्यांवरच्या स्टिकरचा चिकटा छान निघतो. कापसावर दोन थेंब, मिनिटभर थांबून पुसा. जुनं, बिघडलेलं संत्र्याचं तेलही त्याच कामाला वापरा, फक्त हातमोजे घालून.